ओव्हनमधले खिम्याचे कबाब : कुठे बिघडतं आणि का

पाटावरवंटा

खिम्याचे कबाब ओव्हनमध्ये कोरडे होतात, फुटतात, नाहीतर उकडल्यासारखे लागतात, अशा तक्रारी सारख्या येतात. दोष बहुतेक वेळा ओव्हनवर ढकलला जातो. खरं तर कबाब ओव्हनमध्ये जायच्या आधीच बिघडलेला असतो. मिश्रणात पाणी किती राहिलं, खिमा किती गार होता आणि किती मळला, या तीन गोष्टींवर नव्वद टक्के काम ठरतं. ओव्हनचं काम उरलेल्या पंधरा मिनिटांचं.

साधारण ५० ग्रॅमचे १२ कबाब होतील असं प्रमाण देतो.

- खिमा ५०० ग्रॅम, बारीक, चरबी १५ ते २० टक्के
- कांदा १ मध्यम, साधारण १२० ग्रॅम
- ताजं वाटलेलं आलं-लसूण १ मोठा चमचा
- हिरव्या मिरच्या २, मूठभर कोथिंबीर
- मीठ ७ ग्रॅम (बारीक मिठाचा एक सपाट छोटा चमचा आणि वर थोडं)
- जिरेपूड १, धणेपूड दीड, लाल तिखट १, मिरपूड अर्धा, गरम मसाला अर्धा, सगळे छोटे चमचे
- खमंग भाजलेलं बेसन किंवा डाळ्याचं पीठ २ मोठे चमचे
- वरून लावायला तूप किंवा तेल १ मोठा चमचा

मोठा चमचा म्हणजे १५ मिली, छोटा ५ मिली.

कांदा किसा. त्यावर चिमूटभर मीठ टाकून दहा मिनिटं ठेवा आणि मलमलच्या फडक्यात घालून पिळा. नुसतं चाळणीत दाबून भागत नाही, फडकं पिरगाळायला हवं. १२० ग्रॅम कांद्याचा जेमतेम ६०-७० ग्रॅम चोथा उरला पाहिजे. निघालेलं पाणी आमटीत किंवा रश्श्यात जातं, फेकू नका. कोथिंबीर धुतल्यावर पूर्ण कोरडी करूनच चिरा. हिच्यातून किती पाणी आत जातं ते लक्षातच येत नाही.

खिमा फ्रीजमधून काढल्या काढल्या आधी एकटं मीठ घालून दोन मिनिटं मळा. मग बाकीचं सगळं घालून आणखी दोन मिनिटं. तळहाताच्या टोकाने परातीवर रगडत न्यायचं आणि परत गोळा करायचं. सुरुवातीला खिम्याचे दाणे सुटे दिसतात. थोड्या वेळात रंग जरा फिका पडतो, मिश्रणाला तार येते आणि गोळा तळहातावर घेऊन हात उलटा केला तरी लगेच पडत नाही. तिथे थांबायचं. मिठामुळे मांसातलं चिकट प्रथिन बाहेर येतं, तेच कबाब धरून ठेवतं. अंडं, पाव, मैदा हे सगळे त्यानंतरचे.

मळून झालं की अर्धा ते एक तास झाकून फ्रीजमध्ये. तेवढ्या वेळात बेसन उरलेला ओलावा ओढून घेतं. वळण्याआधी चिमूटभर मिश्रण तव्यावर भाजून चाखा. मीठ-तिखट दुरुस्त करायची ही शेवटची संधी.

हाताला पाणी नाही, तेल लावा. १० सेंमी लांब आणि अडीच सेंमी जाड वळा. सळई असेल तर चपटी घ्या, गोल सळईवर कबाब गरगर फिरतो. सळई नसली तरी काही अडत नाही.

ओव्हन २२० अंशांवर आधीच तापवा. दिवा विझला म्हणजे आतली हवा तापली, भिंती नव्हेत, तेव्हा आणखी दहा मिनिटं द्या. ट्रेला फॉइल, ट्रेवर तेल लावलेली जाळी, जाळीवर कबाब, दोन कबाबांमध्ये दोन बोटं अंतर. ओव्हनच्या वरच्या एक तृतीयांश भागात १२ ते १४ मिनिटं, मध्ये एकदा उलटून. मग तूप लावून फक्त वरच्या रॉडवर दोन-तीन मिनिटं. या शेवटच्या टप्प्यात ओव्हनसमोरून हलू नका. बाहेर काढून पाच मिनिटं तसेच ठेवा.

चिमूटभर

छान सविस्तर. पण मुद्द्याचा प्रश्न राहिला. खिमा धुवायचा की नाही? घरोघरी यावरून वाद असतात.

उलथणं

कबाबासाठी नाही. खिमा धुतला की दोन नुकसानं. प्रत्येक दाण्याला पाणी चिकटतं आणि ते पिळूनही पूर्ण जात नाही, शिवाय मांसातलं पाण्यात विरघळणारं थोडं प्रथिन आणि चव पाण्याबरोबर वाहून जाते. धुतल्याने जंतू मरत नाहीत, उलट सिंकभर उडतात. ते मरतात उष्णतेने.

ज्यांना धुतल्याशिवाय चैनच पडत नाही त्यांनी अख्खे तुकडे धुवावेत, फडक्याने खरखरीत कोरडे करावेत आणि मग खिमा करावा किंवा करून घ्यावा. तयार खिमा धुतलाच असेल तर फडक्यात पिळून, चाळणीत घालून दोन तास फ्रीजमध्ये निथळू द्या आणि बेसन अर्धा चमचा वाढवा. तरी पोत थोडा भुसभुशीत येणारच.

खलबत्ता

घरी मिक्सरवर खिमा करणाऱ्यांसाठी : दोन सेंमीचे तुकडे एका थरात पसरून फ्रीजरमध्ये २०-२५ मिनिटं ठेवा. कडा कडक, आत दाबलं तर दबेल एवढेच. भांडं आणि पातीही गार असू दे. एका वेळी २०० ग्रॅमच्या वर घालू नका. दोन-दोन सेकंदांचे पाच-सहा झटके, मध्ये एकदा हलवून. सलग फिरवलं की पातं तापतं, चरबी वितळून मांसाला फासली जाते आणि मिश्रण गुळगुळीत पण निर्जीव होतं. भाजताना ही चरबी सगळी ट्रेमध्ये, कबाब कोरडा.

विकत घेताना दोनदा दळून मागा, दुसऱ्या वेळी बारीक जाळीतून. एकदाच दळलेला जाड खिमा रस्सा-भाजीला उत्तम, सळईवर मात्र सुटतो.

तिखटमीठ

अंड्याचा उल्लेख नाही? बऱ्याच पाककृतींमध्ये पाव किलोला एक अंडं असतं.

पाटावरवंटा

मुद्दाम दिलं नाही. ५०० ग्रॅमला एक अंडं म्हणजे ५० ग्रॅम ओलावा, त्यातला तीन चतुर्थांश निव्वळ पाणी. मिश्रण सैल होतं म्हणून मग ब्रेडचा चुरा घालायचा, चुरा घातला की चव पातळ होते म्हणून मसाला वाढवायचा. शेवटी मिळतं ते कटलेट. कटलेट वाईट असं नाही, पण तो कबाब नव्हे.

उलथणं

अंड्याला इतकंही वाळीत टाकू नका. खिमा अगदी कोरडा, चरबी पाच-सात टक्केच असेल, तर एक पिवळा बलक उपयोगी पडतो. पांढरं नको, ते कडक होतं.

पाटावरवंटा

बलक मान्य. पण तशा खिम्यात ५०० ग्रॅमला ३०-४० ग्रॅम गार लोणी किसून घालणं जास्त बरं. शेवटी घालायचं आणि फार मळायचं नाही, ते कणाकणाने राहिलं पाहिजे.

दोन_घास

ट्रेमध्ये पांढरट पाणी सुटतं, कबाब राखाडी होतात, रंग येतच नाही. तापमान २०० आहे, वेळ २५ मिनिटं. जाळी नाही, सपाट ट्रे. कुठे चुकतंय?

जाळीदार

एकापेक्षा जास्त ठिकाणी. ते पांढरट म्हणजे मांसातलं पाणी आणि त्यात विरघळलेलं प्रथिन, थोडं सगळ्यांचंच सुटतं. सपाट ट्रेवर ते जागीच साचतं आणि कबाब त्यात उकडतो. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० च्या फार वर जात नाही, आणि खरपूस रंगाला त्याहून बरंच जास्त लागतं. म्हणून तुम्ही वेळ वाढवता. रंग येईपर्यंत आतून पार वाळून गेलेलं असतं.

जाळी नसेल तर हे करा. रिकामा ट्रे ओव्हनमध्येच तापू द्या, बाहेर काढून त्यावर तेलाचा हात फिरवा आणि कबाब ठेवा. चर्र आवाज आला पाहिजे. सात मिनिटांनी उलटताना साचलेलं पाणी ओतून टाका किंवा कागदी रुमालाने टिपा. ट्रे काठोकाठ भरू नका, १२ कबाब दोन वेळा करून भाजलेले बरे. आणि २०० वरून २२० वर या, वेळ कमी करा.

हेही तपासा :

कबाबाला लांब चीर जाते तेव्हा बहुतेक आत हवा राहिलेली असते. वळण्याआधी गोळा या हातातून त्या हातात चार-पाच वेळा जोरात आपटा.

आडवा तुटत असेल तर कांदा नीट पिळलेला नाही, किंवा मिरची-कोथिंबीर जाड चिरली आहे. मिरचीचा मोठा तुकडा जिथे असतो तिथेच तडा जातो.

रबरासारखा झाला तर जास्त मळला, किंवा मीठ घालून रात्रभर ठेवला. मीठ लागलेलं मिश्रण दोन तासांच्या पुढे घट्ट होत जातं आणि सकाळपर्यंत सॉसेजच्या जातीला जातं. आदल्या दिवशी तयारी करायची असेल तर मीठ सोडून बाकी सगळं कालवा, मीठ घालून मळायचं काम दुसऱ्या दिवशी.

पिठूळ लागत असेल तर बेसन कच्चं राहिलंय. मंद आचेवर सहा-सात मिनिटं, रंग एक छटा गडद होऊन वास सुटेपर्यंत भाजा. नंतर ओव्हनमध्ये भाजलं जाईल या भरवशावर राहू नका, कबाबाच्या पोटात तेवढी उष्णता पोचत नाही.

मधली_सुट्टी

आणि कच्ची पपई? त्याशिवाय मऊ कसे होणार?

खलबत्ता

दळलेलंच आहे हो. पपईचं काम मांसाचे लांब धागे तोडायचं, खिम्यात ते यंत्राने आधीच तोडलेत. पपईतलं पेपेन (प्रथिन तोडणारा विकर, म्हणजे एन्झाइम) चिकट प्रथिनावरही तुटून पडतं, म्हणजे मळून जे कमावलं तेच विस्कटतं. वर ते ६०-७० अंशांना सगळ्यात जोमात असतं, म्हणजे ओव्हनमध्ये गेल्यावरही त्याचं काम चालूच. सळईवरून घसरलेल्या कबाबामागे पुष्कळदा पपई असते.

मधली_सुट्टी

जून मटणाचा खिमा असेल तर फरक पडतो असं ठाम मत आहे.

खलबत्ता

तिथे घाला, पण ५०० ग्रॅमला एक छोटा चमचा वाटण, तेही भाजायच्या अर्धा तास आधी. रात्रभर तर अजिबात नाही. आल्यातही असाच विकर असतो, कमी जोराचा. म्हणून आलं दुप्पट करून बघू नये.

पपईऐवजी पाव छोटा चमचा खायचा सोडा करून बघा. त्याने मांस पाणी धरून ठेवतं, कबाब मऊ राहतो आणि रंगही लवकर येतो. पाव चमच्याच्या वर गेलात तर साबणाची चव लागेल. दही घालणाऱ्यांनी सोडा टाळावा, दोघं एकमेकांना मारतात. दही घालायचंच तर चक्क्यासारखं घट्ट, एक मोठा चमचा.

चिमूटभर

चिकनच्या खिम्याला हेच प्रमाण चालेल?

उलथणं

मसाला चालेल, बाकी बदला. चिकनचा खिमा ओला आणि चिकट असतो, मळायला दीड-दोन मिनिटं पुरतात. नुसत्या छातीच्या मांसाचा घेऊ नका, मांडीचं निम्मं तरी हवं. तेही जमलं नाही तर दोन मोठे चमचे तेल किंवा किसलेलं लोणी. बेसन तीन चमचे. फ्रीजमध्ये पूर्ण तास, नाहीतर वळताच येणार नाहीत. जाडी दोन सेंमीच्या आत आणि वेळ २२० वर १० ते १२ मिनिटं.

जाळीदार

शिजल्याची खूण या विषयावर थोडं सांगायला हवं, कारण इथे ढिलाई चालत नाही. अख्ख्या तुकड्यावर जंतू मुख्यतः बाहेरच्या बाजूला असतात. दळताना तेच आतपर्यंत पोचतात. त्यामुळे कबाब मधोमध पूर्ण शिजायला हवा : मटणासारख्या लाल मांसाचा ७१ अंश, कोंबडीचा ७४.

रंगावर विसंबू नका. खिमा कधी पूर्ण शिजूनही गुलाबीसर राहतो, तर कधी पुरेसा तापायच्या आधीच तपकिरी दिसायला लागतो. सुईवाला थर्मामीटर कबाबाच्या टोकाकडून लांबीत, मध्यापर्यंत घाला. वरून आडवा टोचला तर सुई आरपार जाऊन जाळीचं तापमान सांगते. सगळ्यात जाड कबाब मोजा, देखणा नव्हे. लाल मांस ७१ ला पोचलं की लगेच काढा, पुढे ताणलं तर रस जातो. बाहेर काढल्यावरही दोन-तीन अंश वाढतात, पण त्या हिशोबाने आधी काढू नका.

थर्मामीटर नसेल तर सगळ्यात जाड कबाब मधून मोडा. दाबल्यावर लुसलुशीत न लागता उसळी मारायला हवा, रस स्वच्छ हवा, मध्यभागी पेस्टसारखा चिकट पट्टा दिसता कामा नये. शंका आली तर आणखी दोन मिनिटं. थोडा कोरडा झाला तरी चालेल.

कच्च्या खिम्याचं ताट, कबाब उलटायचा चिमटा, हात : शिजलेल्या कबाबाला लागण्याआधी साबणाने धुतलेले असावेत. वरून तूप लावायचा ब्रशही यात आला, तो सगळेच विसरतात.

गरम_तवा

वेगवेगळ्या यंत्रांचं एकत्र टाकतो.

ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) : दोन्ही रॉड चालू, २२० ते २३०, १५ मिनिटं. छोट्या ओटीजीत वरचा रॉड कबाबाच्या फार जवळ येतो. निदान आठ सेंमी अंतर नसेल तर मधला खण घ्या.

पंख्याचा ओव्हन : २०० पुरे, १२ मिनिटं. पंखा पृष्ठभाग भराभर सुकवतो, त्यामुळे तूप सुरुवातीलाच लावा.

कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह : जास्तीत जास्त जे तापमान मिळेल ते, उंच जाळीवर, १८ ते २० मिनिटं. धातूची जाळी फक्त कन्व्हेक्शनवर किंवा ग्रिलवर, आणि तीही यंत्राबरोबर आलेली. त्यात रंग कमी येतो, शेवटी गरम तव्यावर मिनिटभर फिरवा.

एअर फ्रायर : १९० वर १० ते १२ मिनिटं, एकच थर. टोपलीत थर लावले तर मधले कबाब वाफेवर शिजतात.

बटर पेपर ग्रिलखाली अजिबात नाही. जाळीखालच्या ट्रेमध्येही नाही, कडा वर उचलल्या गेल्या की पेट घेतात. फॉइल घ्या. ट्रेमध्ये पाऊण कप पाणी ओतलं तर पडणारी चरबी जळून धूर होत नाही. त्याहून जास्त ओतलं तर आत वाफ कोंडते. शेवटच्या ग्रिलआधी ट्रेमध्ये पाणी उरलं असेल तर ओतून टाका.

बांबूच्या काड्या अर्धा तास भिजवतात, पण १५ मिनिटांच्या भाजण्यात भिजवलेली आणि कोरडी यांत फारसा फरक नसतो. ग्रिलखाली उघडं टोक काळं पडतंच. टोकाला फॉइल गुंडाळा.

दोन_घास

वळत बसायला वेळ नसेल तर काही तोड?

पाटावरवंटा

आहे, आणि रोजच्यासाठी तीच पद्धत चांगली. सगळं मिश्रण तेल लावलेल्या ट्रेमध्ये सव्वा सेंमी जाडीचं पसरा. ५०० ग्रॅमला साधारण २० बाय २५ सेंमीचा ट्रे लागतो. ओल्या उलथन्याने सपाट करा आणि सुरीच्या पाठीने तीन-तीन सेंमीच्या पट्ट्या आखा, पार तळापर्यंत. २२० वर १२ मिनिटं. भाजताना मिश्रण आकसून पट्ट्या आपोआप सुट्या होतात आणि मध्ये रस जमतो. हा रस पट्ट्यांवरच चमच्याने फिरवा, बाजूला टोमॅटोच्या जाड चकत्या लावा आणि वरच्या रॉडवर चार मिनिटं. चकत्या रस पितात. सळईवाला खरपूसपणा सगळ्या बाजूंनी येत नाही, पण कोरडं होण्याचा धोका कमी आणि आकाराची झिगझिग नाही.

जाडी सारखी ठेवा. मध्ये उंच आणि कडेला पातळ असं झालं तर कडा करपतात, मध्य कच्चा.

तिखटमीठ

ओव्हनमध्ये धुराचा वास कसा आणायचा? लिक्विड स्मोक नको आहे.

खलबत्ता

कोळशाची धुनी. भाजून झालेले कबाब खोल पातेल्यात, मध्ये स्टीलची छोटी वाटी, त्यात लालबुंद निखारा, वर अर्धा चमचा तूप, झाकण घट्ट. तीन मिनिटं पुरतात. पाचच्या वर गेलं की चव कडवट व्हायला लागते. खिडकी उघडी हवी, कोळसा बंद खोलीत नको. ओव्हनच्या आत तर मुळीच करू नका. नाहीतर स्मोक्ड पाप्रिका पाऊण चमचा मसाल्यातच घाला, त्या वेळी लाल तिखट तेवढं कमी करा.

मधली_सुट्टी

एक मात्र पटलं, पपई बाजूला ठेवून सोड्यावर करून बघण्यासारखं आहे. आता फ्रीजरचं सांगा. कच्चे ठेवावेत की भाजून?

उलथणं

कच्चे. वळून ट्रेवर सुटे ठेवा, दोन-तीन तासांत कडक झाले की पिशवीत भरून हवा काढा. दोन महिन्यांत संपवा. मीठ असल्यामुळे चरबीला खवट वास साध्या खिम्यापेक्षा लवकर येतो. बाहेर ओट्यावर वितळवू नका. एकतर आदल्या रात्री फ्रीजमध्ये खाली काढून ठेवा, नाहीतर गोठलेलेच २०० वर २२ ते २५ मिनिटं भाजा आणि पंधराव्या मिनिटाला उलटा. या दुसऱ्या प्रकारात थर्मामीटर नक्की वापरा, बाहेरून झालेले दिसतात आणि आत गारढोण असतात.

भाजलेले फ्रीजमध्ये तीन दिवस. परत गरम करताना ट्रेमध्ये चमचाभर पाणी शिंपडून फॉइलने झाकून १६० वर १० मिनिटं, मध्यभागी वाफा येईपर्यंत. मायक्रोवेव्हने कडक होतात.

चिमूटभर

शेवटचं. पंचवीस माणसांसाठी दोन किलोचे करायचे आहेत, ओव्हन एकच. दोन ट्रे वर-खाली लावले तर?

जाळीदार

पंखा नसेल तर नको, खालचा ट्रे वरच्याच्या सावलीत राहतो. पंख्याच्या ओव्हनमध्ये चालतं, पण सहाव्या-सातव्या मिनिटाला ट्रे अदलाबदल करा आणि तीन मिनिटं वाढवा.

त्यापेक्षा हे सोयीचं पडेल : सगळे कबाब एकेका ट्रेने २२० वर पूर्ण शिजवून घ्या, म्हणजे ७१ गाठून, पण ग्रिल करू नका. तासाभरात वाढायचे असतील तर खोल भांड्यात झाकून ७०-८० अंशांवर चालू ठेवलेल्या ओव्हनमध्ये ठेवा, बंद करून कोमट होत चाललेल्या ओव्हनमध्ये नको. कबाब ६० च्या खाली उतरता कामा नयेत. वाढायच्या वेळी तूप लावून ग्रिलवर दोन-दोन मिनिटं. दोन किलोला मीठ २८ ग्रॅम होतं, ते वजन करूनच घाला. आणि सगळं एकदम मळू नका. अर्धा-अर्धा किलो मळा, बाकीचा खिमा तोवर फ्रीजमध्ये. मोठ्या घमेल्यात पंधरा मिनिटं हात चालवत बसलात की हाताच्या उबेनेच चरबी वितळायला लागते.